पाटाच्या रस्त्यावर तिघं

कारखान्याची चिमणी पेटली की आमच्याकडे ते नाकाला आधी कळतं, पेपरात नंतर येतं. परवा सकाळी दार उघडलं आणि मळीचा तो आंबूस, गोडसर, किंचित कुजकट वास ओट्यावर येऊन बसलेला. आवडतो म्हणावं तर डोकं धरतं, आणि नसला तर हिवाळा सुरू झाल्यासारखं वाटत नाही. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालू झाल्यात. एकेका ट्रॅक्टरवर एवढा मोठा स्पीकर की गाणं आधी येतं, ट्रॅक्टर मागून येतो. आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “लागला बाई हंगाम.” दरवर्षी ती हे अशा सुरात म्हणते, जणू कारखान्याने आधी तिला विचारायला हवं होतं.

मी मात्र दाराशीच थबकले. पाटाच्या बाजूला धुकं होतं. ऊस, बाभळी, विजेचे खांब, सगळं पुसून गेलेलं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. कुठे काय आहे हे मला माहीत असावं लागतं, नसलं की जीव कासावीस होतो. त्या धुक्याकडे बघताना काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवला. त्या हिवाळ्यात मी आणि दादा रोज सकाळी तिकडे चालायला जायचो. आम्ही दोघं जायचो असं मी म्हणते. दादाला विचाराल तर तो तिघं म्हणेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुधाकर. संगमनेरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी तो ट्रंक घेऊन घरी आला आणि म्हणाला, “मास्तर म्हणाले, घरी जा.” कोणते मास्तर, हे आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. मास्तर कुणाला दिसत नाहीत. दादालाही दिसत नाहीत. ते फक्त बोलतात. फारशा शिव्याही देत नाहीत. दादा काय करतोय ते सांगत राहतात. सुधाकर पाणी पितोय. सुधाकरची बहीण आली. ती बघतेय. डॉक्टरांच्या कागदावर याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, वस्तीवर ‘डोक्याचं’ म्हणतात आणि आमच्या घरात मास्तर म्हणतात. गोळ्यांनी मास्तरांचा आवाज खाली आला, पण ते गेले नाहीत. पस्तिसाहून जास्त वर्षं झाली, आमच्या घरातच आहेत.

मी नगरला नोकरीला होते. आता अहिल्यानगर म्हणायचं, एस.टी.च्या पाटीवरही तसंच आहे, पण जीभ जुनीच राहिली. वडील गेल्यावर मी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर परत आले. चर्चच्या मागे थोडी घरं, बहुतेक ख्रिस्ती, पुढे पाट, आणि पाटापलीकडे ऊसच ऊस. लग्न मी केलं नव्हतं. लोक म्हणायचे, भावासाठी केलं नाही. तसं काही नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी खोडून काढलं नाही.

त्या हंगामाआधीच्या पावसाळ्यात दादाला तहान लागायला लागली. साधी नाही. तांब्यामागून तांब्या, माठ उपसावा तशी. मी विचारलं, “दादा, एवढं पाणी कसलं रे?” तर म्हणाला, “माझं न्हाई. मास्तरांना तहान लागलीय. आत बसलेत ते. घसा सुकलाय त्यांचा.” हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मास्तर बाहेर असायचे, कानाशी. आता ते आत शिरले होते आणि पाणी मागत होते.

इथे आईने जे केलं ते आमच्याच मुलखातल्या बाईने करावं. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. आधी गुळाचा खडा, मग पाणी. वैरी आला तरी. आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, भुताखेतांचं नाव काढलं तर फटकारणारी. पण तहानलेला पाहुणा कोण आणि कुठला याची चौकशी करणं तिच्या रक्तात नाही. तिने दादासाठी एक वेगळा तांब्या काढला, त्यात गूळ विरघळवला आणि त्याच्या हातात देत म्हणाली, “घे. तुझ्या मास्तरला म्हणावं, पी बाबा, आन् गप पड.” मास्तर प्यायले. आणि त्यांची तहान वाढली.

दुपारच्या वेळी दादा ओट्यावर बसून तांब्या तोंडाला लावायचा. गळ्याची घाटी वरखाली व्हायची. डोळे मात्र पिणाऱ्याचे वाटायचे नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी पाजणाऱ्याचे वाटायचे. मला तिथे थांबवत नसे. मी काहीतरी काम काढून आत जायची. मग मुंग्या आल्या. मागच्या भिंतीशी तो लघवीला जायचा, तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागली. आई राख टाकायची, त्या राखेला वळसा घालून यायच्या. “मास्तरांना भेटायला येत्यात,” दादा म्हणाला. मग पाय. “शालू, कोणीतरी माझ्या तळपायाखाली निखारे पसरतंय गं.” मी वाकून बघितलं. पुसलेली फरशी होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, “काही नाहीये रे, दादा.” घरात आम्ही सगळे त्याला प्रत्येक गोष्टीवर हेच सांगत आलो होतो.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या चपलेत रक्त दिसलं. बेण्यासाठी तोडलेल्या उसातून तो चालत आला होता आणि उसाचा बुडखा तळव्यात घुसला होता. ज्या पायाखाली निखारे आहेत म्हणायचा, त्याच पायात बोट जाईल एवढी जखम, आणि हा विचारतो, “कुठंय?” त्याला खरंच कळलं नव्हतं.

नगरच्या डॉक्टर मॅडम त्याला कित्येक वर्षं बघत होत्या, मनाच्या आजाराच्या डॉक्टर. त्यांनी आधी पाय बघितला, मग बोटाला सुई टोचून साखर बघितली. नंतर मला तहानेबद्दल विचारलं. मी मास्तरांचं सगळं सांगितलं, गुळाच्या तांब्यासकट. त्या हसल्या नाहीत. “मास्तर माझ्याकडे सोपवा,” त्या म्हणाल्या, “पण तहान मास्तरांची नव्हती, ताई. याचीच होती. हा डोक्याने जायचा नाही, साखरेने जाईल. नाहीतर हृदयाने. या आजाराची खूप माणसं अशीच जातात, लवकर. आणि घरचे म्हणतात, अचानक गेला.”

पाय या वेळी वाचला. पुढच्या वेळी वाचेल अशी हमी द्यायला त्या तयार नव्हत्या. मनाच्या गोळ्या बंद करता येणार नाहीत, आणि त्याच गोळ्यांनी भूक खवळते, अंग सुटतं, साखरही चढते. त्यातली एक बदलून बघू म्हणाल्या, साखरेच्या वेगळ्या दिल्या. बाकीचं गोळ्यांच्या हातात नव्हतं, आमच्या होतं. खाणं, बिडी, झोप आणि रोजचं चालणं. जखम भरली की बूटमोजे घालून चालवा, आणि संध्याकाळी न चुकता तळपाय उजेडात बघा.

परत येताना एस.टी.त मी दादाकडे बघत राहिले. खिडकीशी बसलेला एक जाडा, दमलेला, पिकल्या दाढीचा माणूस. आम्ही इतकी वर्षं त्याच्या डोक्याची राखण केली, त्या डोक्याखाली धड आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. पोट दुखतंय म्हणाला, मास्तर. छाती धडधडते म्हणाला, मास्तर. शरीर बिचारं आतून हाका मारत होतं आणि आम्ही मास्तरांचं नाव घेऊन दार लावून घेत होतो. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, गाडी लागती का तुमाला? पुढं बसा.”

आईला समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. डोक्याच्या गोळ्या उष्ण असतात हा तिचा ठाम समज. “उपाशीपोटी दिली तर आतडी जळतील पोराची,” म्हणून गोळीआधी वाटीभर शिरा, वर तुपाची धार. इतकी वर्षं. तिच्या लेखी ती गोळीची आग विझवत होती. शिरा बंद म्हटल्यावर तिने माझ्याशी अबोला धरला. मग एका दुपारी बाजरीची भाकरी आणि मेथी दादापुढे सरकवून मला म्हणाली, “घाल वाळत त्याला. तुझंच राज्य हाय.” पण गुळाचा डबा तिने स्वतःच उचलून फळीवर, हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. आजही ती शेंगदाण्याच्या लाडवाचा विषय काढते, आणि माझ्याकडे बघून विषय बदलते.

वस्तीचंही तेच. दादाला आमच्याकडे कोणी वाईट वागवत नाही, उलट जपतात. त्याच्याशी बोलायचं काय हे कोणाला कळत नाही, म्हणून त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवतात. गुऱ्हाळावर गेला की काकवीची वाटी, बारशाला गेला की पेढा जास्तीचा. “खाऊ द्या हो, बिचाऱ्याला दुसरं काय सुख हाय?” नाताळात घरोघरून करंज्या, अनारसे, केक यांची ताटं यायची, आणि ताटात एक वेगळी पुडी असायची, सुधाकरची. त्या वर्षी मी दारोदार जाऊन सांगितलं, पुडी नको. मी त्याच्या तोंडचा घास काढते आहे अशा नजरेने लोकांनी माझ्याकडे बघितलं. नाताळच्या सकाळी चर्चच्या अंगणात दादा नवा शर्ट घालून उभा राहिला. माणसं जवळ यायची, हसायची, हात रिकामा आहे हे त्यांच्या लक्षात यायचं आणि ती पुढे निघून जायची. त्याच्याशी कोणीच बोललं नाही. भर अंगणात तो असा उभा होता, जणू तिथे नव्हताच. दिसत नसलेला माणूस आपल्या घरात एकच आहे असं मी समजत होते.

चालणं त्याआधीच, जखमेवर कातडी धरल्यावर सुरू झालं होतं. पहिल्या दिवशी तो फाटकापर्यंत आला आणि थांबला. “मास्तर नको म्हणतात.” मी वर्गातला आवाज काढला. “मास्तरांना म्हणावं, तुम्हीपण चला. बसून बसून पाय आखडले असतील.” मी थट्टेने म्हटलं होतं. दादाने खरं धरलं. तो रस्त्याच्या उजव्या कडेला गेला, मला डाव्या कडेला उभं केलं, आणि मध्ये एका माणसाची जागा सोडून आम्ही निघालो.

दुपारी त्याला गोळ्यांची गुंगी असायची, संध्याकाळी रस्त्यावर ट्रॉल्या आणि बघे. सकाळच तेवढी आमची होती. त्या वेळी पाटाच्या पाण्यातून वाफ निघते, वर चढते, उसात अडकते आणि धुकं होऊन रस्त्यावर उतरते. दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. पानांवरून थेंब गळतात. माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला येतो. कधी नुसताच खोकला येतो आणि माणूस येतच नाही. कारखान्याचा भोंगा कुठल्या दिशेने वाजला ते मला सांगता यायचं नाही, आणि मी पोरांच्या पिढ्यांना दिशा शिकवल्या होत्या. वळणावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, बांबू आणि पाचटाच्या. चुलींतून धूर निघत असायचा, एखाद्या झोळीचा दोर हलत असायचा, आणि आसपास कोणी नाही. सगळे अंधारातच उठून फडात गेलेले. तिथून जाताना दादा मान खाली घालायचा. “इथं लई जण बोलतात,” म्हणायचा. मला कोणीच बोलताना ऐकू यायचं नाही, तरी माझी पावलं भरभर पडायची.

आणि मधली ती जागा. सुरुवातीला ती मला खुपायची. समोरून मोटारसायकल आली की चालवणारा आम्हा दोघांकडे बघून त्या मोकळ्या जागेतून गाडी काढायचा, आणि दादा ओरडायचा, “अहो, बघून!” मग सवय झाली. आणि मग एका सकाळी जे झालं ते लिहिताना आजही संकोच वाटतो. रस्त्यात मधोमध डबकं होतं, आणि मी कडेला सरकले, मधल्याला कोरडी वाट मिळावी म्हणून. सरकल्यावर माझं माझ्या लक्षात आलं. मी दादाकडे बघितलं. तो गालात हसत होता. “मास्तर थँक्यू म्हणतात,” तो म्हणाला. घरी येईपर्यंत मी पुन्हा मध्ये बघितलं नाही.

चालून फायदा काय झाला, असं दशरथतात्या विचारायचे. दशरथतात्या म्हणजे पाटापलीकडच्या उसाचे मालक, कानाला मफलर बांधून बांधावर उभे असायचे. झालं ते सावकाश झालं. आधी मोरीपर्यंत जाताना त्याला धाप लागायची. मोरी म्हणजे पाटावरचा छोटा पूल, आमची हद्द. तिथे तो बसकण मारून बिडी पेटवायचा. बिडीने मास्तर लांब सरकतात असं त्याचं म्हणणं, आणि डॉक्टर मॅडमनीही ते हसण्यावारी नेलं नव्हतं. एकदम तोडू नका, कमी करत न्या म्हणाल्या होत्या. म्हणून बिडी फक्त मोरीवर, घरात नाही. सुटली असं मी लिहिणार नाही, खोटं होईल. पण एका सकाळी मोरीवर पोचल्यावर तो खिसा चाचपायला विसरला, आणि मी शहाण्यासारखी गप्प राहिले. धाप कमी झाली. पोट उतरलं. झोप गाढ झाली. संध्याकाळी मी त्याचे तळपाय मांडीवर घेऊन बघायची. आधी तो पाय ओढून घ्यायचा. भावाबहिणीत इतक्या वर्षांत हाताला हात लागला नव्हता, पाय कुठला. नंतर नंतर तो आपणहून पाय पुढे करायचा आणि डोळे मिटून बसायचा. नगरच्या प्रत्येक फेरीला साखर खाली येत होती. भिंतीच्या मुंग्या गेल्या. मास्तर होते.

मग बिबट्या आला. आला म्हणजे होताच. आमच्या भागातला बिबट्या उसात जन्मतो आणि उसालाच जंगल समजतो. तोड सुरू झाली की त्याचं घर रोज थोडं थोडं कमी होतं आणि तो उरलेल्या फडात सरकत राहतो. जानेवारीअखेर पाटाच्या रस्त्याला लागून तात्यांचाच फड तेवढा उभा राहिला होता. बाकी सगळीकडे एकाएकी लांबवर दिसायला लागलं होतं, आणि मध्ये हा एक काळाकिट्ट चौकोन. एका सकाळी तात्या रस्त्यात आडवे आले. “ताई, उद्यापून हिकडं येऊ नका. माझं कुत्रं नेलं त्यानं. साखळीला बांधलेलं हुतं, निस्ता पट्टा ऱ्हायला.” मग दादाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने हळूच म्हणाले, “ह्याला काय कळत न्हाई. तुमी तरी शान्या हाय.”

वनखात्याने पाटाच्या कडेला पिंजरा लावला, आत करडू बांधलं. धुक्यात पिंजरा दिसायचा नाही. करडाचं ओरडणं तेवढं यायचं, थांबून थांबून, एकाच जागेवरून. आम्ही फाटकातच उभे होतो. दादा म्हणाला, “शालू, हे तुला ऐकू येतंय?”

“हो.”

“खरं?”

“खरं, दादा. करडू आहे.”

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. हा प्रश्न तो आयुष्यभर मनातल्या मनात विचारत आला असणार. त्या सकाळी पहिल्यांदा मोठ्याने विचारला.

चालणं बंद झालं. आम्ही घराभोवती फेऱ्या मारून बघितल्या. आई ओट्यावरून म्हणाली, “घाण्याला जुंपल्यावानी काय फिरता दोघं? मला गरगराया लागलं.” दादा अंथरुणाला चिकटला. बिडी घरात आली. आणि एका सकाळी मला माठ तळाला गेलेला दिसला. मी काही विचारायच्या आतच तो खाली मान घालून म्हणाला, “माझीच हाय, शालू. मास्तरांची न्हाई.” मी त्याचं बोट टोचून बघितलं. साखर पुन्हा चढली होती. घरचे म्हणतात अचानक गेला, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बिबट्या उसात असेल किंवा नसेल. हे मात्र घरात होतं, आणि याच्यासाठी कोणी पिंजरा लावणार नव्हतं. मला दोन्हींची भीती वाटत होती, आणि त्यातली एक निवडायची होती. दुसऱ्या सकाळी मी वडिलांची काठी काढली, ऊन वर येईपर्यंत वाट बघितली, आणि दादाला म्हटलं, “ऊठ.”

ऊन वर आलं होतं, पण धुक्याला त्याची खबर नव्हती. जनावर लांब राहावं म्हणून लोक मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जायचे. आम्हाला ते जमायचं नाही. “मास्तर बोलतात, त्यात तू, त्यात गाणं. गर्दी होती,” दादा म्हणायचा. मी नुसती काठी आपटत चालले. फडाच्या सावलीत शिरलो तशी हवा गार झाली. करडू त्या दिवशी ओरडत नव्हतं.

उसात जनावर होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. दुपारी तात्यांनी पाटाच्या चिखलात ठसे दाखवले, पण ते त्याच सकाळचे असं तेही छातीवर हात ठेवून सांगेनात. मी ऐकलं एवढं मला माहीत आहे. डाव्या हाताला, फडाच्या आत, पाचट दबल्याचा आवाज. आम्ही चाललो की तो चालायचा. आम्ही थांबलो की थांबायचा, पण जरा उशिरा, अर्ध्या पावलाने. काठी आपटायचं मी विसरले. पाठीमागे कोणी आहे हे पाठीच्या कातडीला कळत होतं, आणि डोळ्यांना नुसतं पांढरं दिसत होतं. हे खरं आहे की मला वाटतंय, एवढं कोणीतरी सांगावं असं मला झालं.

“दादा,” मी कसंबसं म्हटलं, “आत काहीतरी आहे.”

काही नाहीये असं तो म्हणाला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढी माया मी कधी बघितली नव्हती. मधली जागा ओलांडून तो माझ्या बाजूला आला, माझ्या आणि उसाच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने माझा हात धरला.

“पळू नको,” तो म्हणाला. “पळालं की ते मोठं होतं. त्याच्याकडं बघू नको. त्याच्याशी भांडू नको. ते येतंय ना, येऊ दे. आपण आपलं पाऊल टाकायचं. टाक. आता दुसरं. खाली रस्ता हाय ना? हाय. मग झालं.”

“तुला ऐकू येतंय?”

“मला रोजच येतं, शालू.”

आम्ही तसेच चालत राहिलो. मी पन्नाशी उलटलेली बाई, भावाच्या हाताला धरून. त्याचा तळहात कोरडा होता, माझा घामाने भिजलेला. हा माणूस तीसेक वर्षं असाच चालत आला होता, भर दुपारी, भर घरात, आमच्यात बसून, आमच्या पंगतीत जेवताना. आणि कोणी एकदाही त्याचा हात धरला नव्हता. उसातल्या आवाजापेक्षा मला या विचाराची जास्त भीती वाटली.

मोरी आली. तिथे दुधाचा टेम्पो उभा होता, कॅन आपटत होते, दोन माणसं कशावर तरी खिदळत होती. ऊस तिथे संपत होता. मी कठड्याला टेकले. दादा फडाकडे तोंड करून उभा राहिला, मान किंचित कलती करून ऐकत.

“गेलं का रे ते?” मी विचारलं.

तो आणखी थोडा वेळ ऐकत राहिला.

“तुझं गेलं,” तो म्हणाला. “माझं हाय. पण चालायला तर पाहिजेच ना. चल.”